तारेचे सहा वेढे

वसईतील एका शाळेत आम्ही चौतीस वर्षे विज्ञान शिकविले आणि दरवर्षी न चुकता ओहमचा नियम फळ्यावर लिहिला. विभवांतर, विद्युतधारा, रोध. मुले तो वहीत उतरवून घेत, परीक्षेत लिहीत आणि विसरून जात. आम्ही विसरलो नाही, एवढेच. पण त्या चौतीस वर्षांत एखादी तार आपल्या हाताने मोजून, कापून, गुंडाळून तिचा रोध किती भरतो ते पाहावे, असे आम्हांस कधी वाटले नाही. ती वेळ आली वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, इंग्लंडमधील लेस्टर शहरात, जावयाच्या स्वयंपाकघरातील टेबलापाशी. आणि आली ती अशा एका कामासाठी, की ज्याचा उच्चार या पानांवर करताना आजही संकोच वाटतो.

आम्ही सिगारेट ओढत होतो. नोकरीस लागलो त्या वर्षी हातात धरली, ती एकोणचाळीस वर्षे सुटली नाही. सुटली नाही म्हणणे तितकेसे खरे नव्हे. दर प्रायश्चित्तकाळात ती चाळीस दिवस सुटत असे. राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेऊन घरी यावे आणि पाकीट कपाटावर ठेवून द्यावे, आणि ईस्टरच्या मिस्सानंतर देवळाच्या कुंपणाबाहेर मित्रमंडळींत पहिली पेटवावी. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षण ग्रंथात अन्न, मद्य आणि औषधे यांच्या अतिरेकाच्या पंक्तीला तंबाखूही बसविली आहे, हे आम्हांस ठाऊक होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ पासून व्हॅटिकनमधील सिगारेटविक्री बंद केली, तीही बातमी आम्ही वाचली. बहुधा सिगारेट ओढता ओढताच. एका धर्मगुरूंनी पापनिवेदनात विचारले होते, "मास्तर, चाळीस दिवस जमते, तर एकेचाळिसावा का जमत नाही?" आम्हांस उत्तर देता आले नव्हते.

२०२३ च्या सप्टेंबरअखेर आम्ही उभयता लेकीकडे गेलो. ती तेथे परिचारिका आहे. नात आठ दिवसांची होती. विमानतळावरून घरी पोहोचताच आम्ही हात पुढे केले, तेव्हा लेक काही बोलली नाही. बाळाला घेऊन एक पाऊल मागे झाली. रात्री म्हणाली, "पप्पा, तुमच्या शर्टाला वास येतो. तिला घ्यायचं असेल तर हे सोडायला हवं." तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते लागले.

जावई स्वतः या वाटेने गेलेला. लेस्टर शहरातील धूम्रपानमुक्ती सेवेने २०१४ सालापासूनच सिगारेट सोडू पाहणाऱ्यांना व्हेपसह येण्याची मोकळीक दिली होती, आणि तोही त्याच मार्गाने सुटला होता. बाजारात तयार वेटोळ्यांची यंत्रे मिळतात. वेटोळे जळके लागू लागले की फेकून नवे घालावे. जावई मात्र ते स्वतःच्या हाताने भरी. पैसे वाचतात, असे तो सांगे. पण त्या कामात तो ज्या एकाग्रतेने बुडून जाई, ती पाहता पैशाचे निमित्त आम्हांस पटले नाही.

रचना पाहिली तर साधी. खाली विजेरी. वर अंगठ्याच्या नखाएवढा धातूचा मंच आणि त्यावर दोन खुंट. खुंटांत तारेच्या वेटोळ्याची दोन टोके स्क्रूने आवळायची, वेटोळ्यातून कापसाची वात ओवायची, आणि वातीची शेपटे द्रावाच्या टाकीत उतरवायची. द्रावात ग्लिसरीन, प्रॉपिलिन ग्लायकॉल, थोडा सुगंध आणि हवे तेवढे निकोटीन. तार तापते, वातीतील द्रावाची वाफ होते, ती ओढायची. यात काही जळत नाही, म्हणून डांबर नाही आणि कार्बन मोनॉक्साइडही नाही. निकोटीन मात्र तेच. म्हणजे बेडी तीच राहते. तिला निरुपद्रवी म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

तार कान्थलची, म्हणजे लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूची, २८ गेजची. जाडी सुमारे ०.३२ मिलिमीटर. आम्ही मास्तरच! आधी कागद घेतला. तीन मिलिमीटर व्यासाच्या दांडीवर सहा वेढे, म्हणजे पायांसह सुमारे सात सेंटिमीटर तार. तिचा रोध सव्वा ओहम. विजेरी पूर्ण भरलेली असता ४.२ व्होल्ट, म्हणजे साडेतीन अँपिअरच्या आतबाहेर प्रवाह आणि चौदा वॅट उष्णता. गणित जावयापुढे सरकविले. त्याने ते आदराने पाहिले आणि म्हणाला, "बरोबर आहे, पप्पा. आता करून पाहा."

पहिले वेटोळे खुंटांवर बसविले तेव्हा यंत्राने रोध दाखविण्याचेच नाकारले. तारेचे कापलेले टोक केसाएवढे लांब राहून मंचाला टेकले होते. आमच्या यंत्रात अशा वेळी प्रवाह अडविणारी सोय होती. तशी सोय नसलेली यंत्रेही असतात, आणि त्यांत ही अठरा मिलिमीटर व्यासाची, पासष्ट मिलिमीटर लांबीची निरागस दिसणारी विजेरी आपला सारा प्रवाह एकदम ओतून देते. जावयाचा एकच कडक नियम होता : मीटर पाहिल्याखेरीज बटण दाबायचे नाही. दुसऱ्या वेटोळ्याचे पाय लांब राहिले, आकडा १.४ आला. तिसऱ्याच्या वेळी स्क्रू इतका आवळला की तार तुटली. चौथ्याच्या वेळी दांडी बोटांत थरथरू लागली. त्या दिवशी सकाळपासून आम्ही सिगारेट ओढली नव्हती.

येथे थोडे विषयांतर करतो. गेऑर्ग ओहम हा कुलुपे करणाऱ्याचा मुलगा. कोलोन येथील जेझुइटांच्या जुन्या विद्यालयात तो गणित आणि पदार्थविज्ञान शिकवी. वडिलांच्या हाताखाली शिकलेले कसब वापरून आपल्या प्रयोगांची उपकरणे तो स्वतः बनवी आणि निरनिराळ्या लांबीच्या तारा जोडून मोजमापे घेई. त्यातून निघालेला नियम त्याने १८२७ साली ग्रंथरूपाने मांडला. म्हणजे तोही आमच्यासारखा शाळामास्तर! फरक एवढाच, की त्याला नियम तारेकडून कळला आणि आम्हांस खडूकडून. हे सारे वर्गात आम्ही सांगतही असू, आणि सांगून झाले की फळा पुसत असू.

पाचवे वेटोळे १.२६ ओहम भरले. कागदावरच्या सव्वापासून इतके जवळ! म्हातारपणी इतका निर्भेळ आनंद होईल असे वाटले नव्हते. मग कापूस न घालता ते हळूहळू तापवायचे. प्रथम ते कडेने एकाच ठिकाणी लाल झाले. चिनी मातीच्या टोकाच्या चिमट्याने वेढे हलकेच विंचरून, दाबून, पुन्हा तापविले. तापताना तारेवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर येतो आणि वेढ्याला वेढा चिकटूनही प्रवाह आडवाटेने पळत नाही. चार-पाच वेळा असे केल्यावर ते मधोमध उजळले आणि लाली दोन्ही बाजूंना सारखी पसरली.

कापसाने मात्र आमची पुरती फजिती केली. वात घट्ट ओवली तर द्राव चढेना, आणि पहिल्याच झुरक्याला करपलेल्या कापसाची अशी चव आली की डोळ्यांत पाणी उभे राहिले. सैल ओवली तर द्राव गळून हाताला लागे. शेवटी सौ. पुढे झाल्या. रॉकेलच्या दिवसांत आमच्या घरी वातींचा स्टो होता, आणि त्याच्या वाती त्याच बदलत. "अहो, वात ओढताना हाताला जरा अडायला हवी, रुतायला नको," असे म्हणत त्यांनी कापूस पिंजला, टोक पिळले, वेटोळ्यातून ओढून घेतला, शेपटे तिरकी कापली आणि विंचरून मोकळी केली. त्यांना या साऱ्या प्रकाराचा मनस्वी तिटकारा होता. तरीही पुढे सहा महिने वात त्यांनीच भरली. त्या दिवशीनंतर आम्ही पाकीट विकत घेतले नाही. दहा दिवसांनी नात मांडीवर आली.

पुढचा हिशेब निकोटीनचा. तेथील कायद्याने एका मिलिलिटरमध्ये वीस मिलिग्रॅमहून अधिक चालत नाही. आम्ही बाराने सुरुवात केली, नाताळपर्यंत सहावर आलो, मग तीनवर. घाई होती, कारण परतीचे तिकीट मार्चचे होते. आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने या यंत्राचे उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात, सारे निषिद्ध आहे. पूर्ण यंत्र असो वा त्याचा एखादा भाग. इकडे सिगारेट मात्र नाक्यानाक्यावर सुटी मिळते. ही विसंगती आम्हांस खटकते. पण लेस्टरच्या रस्त्यांवर गणवेशातील मुलांच्या हातांत रंगीबेरंगी, एकदा वापरून फेकायची यंत्रे आम्ही पाहिली आहेत. ब्रिटनला त्यांची विक्री २०२५ च्या जूनमध्ये बंद करावी लागली. पोरांच्या हाती हे पडू नये असे ज्यांना वाटले, त्यांच्याशी भांडण्याइतके बळ आमच्या अनुभवात नाही.

२०२४ चा राखेचा बुधवार १४ फेब्रुवारीला आला. त्या दिवसापासून द्राव शून्य निकोटीनचा. बेचैनी आली, झोप गेली, सौ.शी विनाकारण दोनदा भांडण झाले. अशा वेळी आम्ही टेबलापाशी जाऊन, गरज नसताना, तार गुंडाळत बसू. सहा वेढे घालावे, मोजावे, उलगडावे, पुन्हा घालावे. धूर आमच्या छातीला हवा होता, हे एकोणचाळीस वर्षे आम्ही मानत आलो. या बोटांनाही काही हवे होते, हे तेव्हा उमगले.

झावळ्यांच्या रविवारआधी आम्ही घरी परतलो. यंत्र, तार, चिमटा, सारे जावयाच्या खणात ठेवून आलो. आता आमच्या खणात तांब्याच्या तारेचे एक रीळ आणि पेन्सिल असते. येणारेजाणारे विचारतात, आम्ही हसून वेळ मारून नेतो.

एक गोष्ट राहिली. परतल्यानंतर महिन्याभरात आमच्याबरोबर शिकविलेल्या एका सहकाऱ्यांचे निधन झाले. दफनभूमीच्या फाटकाबाहेर कोणीतरी सवयीने पाकीट पुढे केले, आणि आम्ही सवयीने एक घेतली. अर्धी ओढली. खोकला आला, चव त्या करपलेल्या कापसाचीच होती. उरलेली चपलेखाली विझविली आणि वाटेत वेलची चघळत घरी आलो. त्यानंतर पुन्हा नाही. सौ.ना हे अद्याप ठाऊक नाही. पण त्रैमासिकाचा अंक पोस्टाने आला की आमच्या घरी तो पहिल्यांदा त्याच उघडतात.