कोट्टक्कलचे एकवीस दिवस

तेल म्हटले की आपल्याला नरकचतुर्दशीची पहाट आठवते. वाटीभर कोमट तेल, कुडकुडणारी मुले आणि पाठीवरून फिरणारा आईचा खरखरीत हात. अभ्यंगाशी आपला संबंध वर्षाकाठी एवढाच. मलबारात मात्र तेलाचा हिशेब वाटीने करीत नाहीत, हे कोट्टक्कलला गेल्यावर कळले.

जाण्याचे कारण सुखाचे नव्हते. माझ्या पत्नीला सहा वर्षे आमवात आहे. सकाळी बोटे मिटत नाहीत. भाकरी थापणे सुटले, मग अंबाडा घालणे सुटले; आणि पेटीवरचे कापड काढायचेही तिने सोडले तेव्हा मी गाडीचे आरक्षण केले. आमच्या डॉक्टरांची अट एकच : चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

नेत्रावती एक्सप्रेसने अवघे कोकण ओलांडून तिरूरला उतरलो. हे एळुत्तच्छनाचे गाव. एकनाथांनी रामकथा मराठीत आणली, त्याच सोळाव्या शतकाच्या सुमारास याने ती मलयाळमात नेली. पण बरोबर दुखणे असले की साहित्यप्रेम आवरते घ्यावे लागते. तिथून कोट्टक्कल सोळाएक किलोमीटर. तीच जांभ्याची तांबडी माती, त्याच नारळी-पोफळी. दुकानांवरच्या पाट्या वाचता येत नाहीत म्हणूनच परगावी आल्यासारखे वाटते.

येथील आर्य वैद्यशाला पी. एस. वारियर यांनी १९०२ साली स्थापन केली. हा वैद्य मोठा खुल्या मनाचा. त्यांनी पाश्चात्त्य वैद्यकाचेही धडे घेतले, शरीररचनेवर ‘अष्टांगशारीरम्’ हा संस्कृत ग्रंथ रचला आणि कथकलीचे पथकही पोसले. १९४४ साली ते वारले. संस्था न्यासाच्या हाती गेली. पुढे तिचा कारभार दीर्घकाळ पाहणारे पी. के. वारियर शंभरी पुरी करून २०२१ साली गेले. वैद्याने शंभरी गाठावी, याहून चांगली जाहिरात कोणती?

केरळात चरक-सुश्रुतांपेक्षा वाग्भटाचा मान अधिक. त्याच्या ‘अष्टांगहृदया’वर देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली आहे. देवळे आणि मोडी यांपलीकडे हेमाडपंत आपल्याला ठाऊक नसतो, म्हणून मुद्दाम सांगतो. आमच्या वैद्यांना हे सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, “म्हणजे तुम्ही घरचेच!” मग त्यांनी रक्ततपासणीचे सारे कागद मागून घेतले आणि बारकाईने वाचले. मला ते आवडले.

पंचकर्म म्हणजे तेल चोळणे, हा समज समुद्रकाठच्या हॉटेलांनी पसरवला आहे. वाग्भटाची पाच कर्मे निराळीच : वमन, विरेचन, बस्ती, नस्य आणि रक्तमोक्ष. सगळी सर्वांना देत नाहीत. कफाला वमन, पित्ताला विरेचन, वाताला बस्ती, असा साधारण न्याय. तेल आणि शेक ही त्यापूर्वीची तयारी. अंगात रुतून बसलेले दोष सैल करून कोठ्यात आणायचे आणि जवळच्या वाटेने बाहेर काढायचे, अशी ही कल्पना.

त्या तयारीतच केरळची खरी करामत आहे. ‘पिळिच्चिल’ म्हणजे पिळणे. (आपले ‘पिळणे’ संस्कृत ‘पीड्’पासून आलेले, त्यांचे द्राविडी. हा योगायोग मी वर्गात वापरणार आहे.) लाकडी द्रोणीत निजवून कोमट तेलात भिजवलेली फडकी अंगावर पिळत राहायची. स्त्रियांकडे स्त्रियाच असतात, त्यामुळे मला आतला वृत्तान्त ऐकूनच कळला. पहिल्या दिवशी बाहेर येऊन ही म्हणाली, “अहो, मला पुरी केली हो त्यांनी!” पुढे ‘नवरक्किळी’ : साठ दिवसांच्या आसपास पिकणारी साळ दूध आणि चिकण्याच्या मुळांचा काढा यांत शिजवून तिच्या पुरचुंड्यांनी शेक. विरेचनाच्या दिवसाविषयी मात्र तिने मौन पाळले. त्यानंतर आधी पातळ पेज, मग दाट, मग मऊ भात. भूक एकेक पायरी वर चढवायची.

पंधराव्या की सोळाव्या दिवशी मी दूध घेऊन आलो तेव्हा ती आरशापुढे उभी होती. अंबाडा जरा कललेला होता, पण तिचा तिने घातलेला होता. मी काही बोललो नाही. तीही बोलली नाही.

मात्र हे वाचून कोणी चमत्काराची आशा धरू नये. अनामिकेचा बाक तसाच आहे, गोळ्याही चालू आहेत. वैद्यांनीच स्पष्ट सांगितले : “सुटलेले सांधे मी परत देऊ शकत नाही, दुखणे हलके करता आले तर पाहतो.” गुण तेलाचा किती, पेजेचा किती आणि एकवीस दिवस चुलीपासून लांब राहिल्याचा किती, याची वाटणी मला करता येत नाही. या उपचारांपैकी फारच थोडे आधुनिक चाचण्यांच्या कसोटीवर पुरेसे घासून पाहिले गेले आहे, तेही व्हायला हवे.

खर्च नोकरदाराला जाणवण्याजोगा आहे. जागाही आधी ठरवावी लागते. विशेषतः कर्कडक महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणात. पावसाळी हवेत शरीर तेल चांगले मानते, अशी तिकडची समजूत असल्याने तेव्हा गर्दी असते. आम्ही पुढच्या कर्कडकासाठी लिहिले आहे. उत्तर अजून यायचे आहे.