पंगतीतली मांडी

मे महिन्यात रिसोडजवळच्या आमच्या गावी चुलतभावाचं लग्न होतं. पंगत बसली आणि दहा मिनिटांत माझा उजवा पाय मुंग्यांनी भरला. मांडी मोडली, गुडघा उभा केला, शेवटी ताट उचलून खुर्ची शोधली! समोर पंचाहत्तरीची आजी मजेत वरणात पोळी कुस्करत होती. "काहून रे बापू, इंजिनेर झाला अन् खाली बसता येत न्हाई तुले?" सगळे हसले. मीपण हसलो, पण खरं सांगू का, लागलं. वय वर्षं २८ फक्त!

आमच्याच वाशिम जिल्ह्यात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ आहेत. ती मूर्ती जमिनीला न टेकता बसलीय असं मानतात. मला तर जमिनीवर टेकूनही बसता येईना..

पुण्यात सहा वर्षं रोज नऊ-दहा तास खुर्ची. दुसरं काय होणार? परत आल्यावर शनिवारचा योगवर्ग लावला. वाटलं, पहिल्याच दिवशी पद्मासन. तर बाईंनी हातात दिली घडीची खुर्ची! ही बी. के. एस. अय्यंगारांची पद्धत. लहानपणी हिवताप, क्षय सगळं भोगलेला हा माणूस १९३७ साली योग शिकवायला पुण्यात आला आणि पुण्याचाच झाला. ज्याचं शरीर वळत नाही त्याला खुर्ची, भिंत, दोर, विटा यांचा आधार द्यायचा, ही त्यांची युक्ती.

मला सगळ्यात उपयोगी पडली ती साधी ब्लँकेटची घडी. ती कुल्ल्यांखाली घेतली की कंबर गुडघ्यांपेक्षा वर येते आणि पाठीला पोक न काढता बसता येतं. पतंजलींच्या जवळपास २०० सूत्रांत आसनावर फक्त ३ आहेत, आणि तिथेही मुद्दा स्थिर, सुखानं बसण्याचाच. आजीला हे न वाचताच येतं.

मनाचं म्हणाल तर शवासनात आधी डोक्यात सर्व्हरचे लॉग पळायचे. अजूनही पळतात, पण श्वास मोजला की मध्ये मध्ये थांबतात. झोप मात्र सुधारली.

दिवाळीत गावी पूर्ण जेवण खाली बसून झालं, पोत्याची घडी घेऊन. आजी म्हणालीच, "नवरदेवासारखा पाट लागते काय रे तुले?"

डावा गुडघा अजून वीतभर वरच राहतो. असो, साडेसहा झाले, वर्गाला पळतो.