खरपूस

कडू म्हटलं की आपण तोंड वाकडं करतो. कारल्याला मीठ लावून पिळतो, काढा नाक दाबून एका घोटात संपवतो. त्यामुळे काळी बिअर मला शिकावी लागली, तीही बेंगळुरूला नोकरीला आल्यावर.

बर्फासारखी गार असली तर ती मुकी असते. ग्लास थोडा वेळ तसाच ठेवायचा. दहा-बारा अंशांवर आली की तिला वास सुटतो: आधी भाजलेल्या दाण्याचा, मग कॉफीचा, कोकोचा. घोट गिळल्यावर कडवटपणा जिभेच्या मागे रेंगाळतो, किंचित तुरट होतो. इथले मित्र या चवीला 'रोस्टी' म्हणतात. मराठीत त्यासाठी अख्खा जिना आहे: खमंग, खरपूस, करपट, जळकट. चांगली काळी बिअर दुसऱ्या पायरीवर उभी राहून तिसरीवर वाकून बघते, पाय ठेवत नाही.

ही चव सातूची. सातूला भिजवून मोड आणायचे, मग ते वाळवायचे. इथवर रीत नाचणीच्या सत्त्वाचीच. पुढे त्यातला थोडा भाग काळा होईपर्यंत भाजतात. १८१७ साली डॅनियल व्हीलर यांनी इंग्लंडमध्ये माल्ट भाजायच्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं आणि थोड्याशा काळ्या दाण्यांनी सगळी बिअर रंगवता येऊ लागली. म्हणून काळी ती कडक, हा समज खोटा. डब्लिनच्या गिनेस ड्राफ्टमध्ये मद्यार्क ४.२ टक्क्यांच्या आसपास असतो. आपल्याकडच्या पिवळ्या 'स्ट्राँग' बाटलीत त्याहून बराच जास्त.

या बिअरचं जुनं नाव पोर्टर, म्हणजे हमाल. अठराव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर आणि धक्क्यांवर ओझी वाहणाऱ्यांची ती आवडती, म्हणून त्यांचंच नाव तिला पडलं. 'स्टाउट' म्हणजे मुळात तगडी पोर्टर.

माझे आजोबा मशीद बंदरला हमाल होते. १९४९च्या कायद्यानं दारूबंदी आलेली. हातभट्टीचा ग्लास उभ्या उभ्या रिकामा करायचा, वर मीठ चाटायचं आणि पोलीस यायच्या आत निघायचं, असा त्यांचा क्रम आजी सांगायची. चव कळण्याआधी दारू पोटात गेली पाहिजे आणि पाठीचं दुखणं थांबलं पाहिजे, एवढाच हिशोब.

चवीचं त्यांना वावडं नव्हतं. गोणीला नाक लावून आतली मिरची ब्याडगी की संकेश्वरी, हे ते सांगायचे. त्यांच्याकडे नव्हती ती उसंत. हळूहळू प्यायला बसायला जागा लागते, खिशात पैसे लागतात, आणि उद्या सकाळी पाठीवर गोण घ्यायची नाही याची खात्री लागते. माथाडी कायदा १९६९ साली आला, तेव्हा आजोबांची पाठ कामातून गेली होती.

आज हमालांच्या नावाच्या या बिअरच्या एका ग्लासाला चांगल्या जेवणाएवढे पैसे पडतात. माझ्या टेबलावर तिच्या फेसाबद्दल, शेवटच्या कडवटपणाबद्दल तासभर बोलणं चालतं. मीही बोलतो, मला ते आवडतं. फक्त कुणी 'आपल्या लोकांना प्यायचं कळत नाही' म्हणालं, की मी ग्लास खाली ठेवतो आणि पोर्टर या शब्दाचा अर्थ सांगतो.