घर तेच, पत्ता निराळा

पलसाण्याच्या चोकडीवर उभे राहिले की एक रस्ता मुंबईकडे जातो, दुसरा अहमदाबादकडे, तिसरा हजिऱ्याकडे, आणि चौथा बारडोली, व्यारा, धुळे करीत थेट नागपुरास पोचतो. आमचे पणजोबा गायकवाड सरकारच्या वहिवाटदार कचेरीत कारकून म्हणून येथे आले, तेव्हा पलसाणा बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात मोडत असे. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० साली गुजरात वेगळे झाले. आम्ही मात्र जागचे हललो नाही. घर तेच राहिले, पत्ता तेवढा बदलत गेला.

अगदी हाच प्रकार गेल्या पावसाळ्यात आमच्या घरातील एका लहानशा यंत्राच्या बाबतीत घडला, आणि त्याने आम्हांस उतारवयात पुन्हा विद्यार्थी केले.

हे यंत्र म्हणजे पानाच्या डब्याएवढा एक संगणक. परदेशी जाण्यापूर्वी आमच्या पुतण्याने तो देवघराशेजारच्या कपाटात बसवून दिला. घरातील जुनी छायाचित्रे, आजोबांच्या मोडी कागदांच्या प्रती आणि आमच्या वडिलांचा, म्हणजे नानांचा, कॅसेटवरून उतरविलेला आवाज, एवढे त्यात साठविलेले आहे. दिवेलागणीनंतर आई टॅब्लेट मांडीवर घेते, त्यावरील एका चित्रावर बोट ठेवते, आणि नाना घराण्याच्या जुन्या गोष्टी सांगू लागतात. नाना जाऊन सहा वर्षे झाली. हा नेम चुकला नाही.

एका रात्री विजा कडाडल्या, दिवे गेले, पहाटे आले. संध्याकाळी आईने बोट ठेवले, तो पडदा कोरा. आम्ही यंत्राचा दिवा पाहिला, तो लुकलुकत होता. आई म्हणाली, "अरे, तुझे नाना घरातच आहेत ना? मग सापडत कसे नाहीत?"

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आमचे तीन आठवडे गेले.

घरातील प्रत्येक उपकरणास राउटर एक क्रमांक देतो. तोच त्याचा पत्ता. हा क्रमांक धर्मशाळेतील खोलीसारखा, ठराविक मुदतीपुरता असतो. मुदत संपली किंवा राउटरची वही पुसली गेली की तीच खोली दुसऱ्यास मिळू शकते. या वाटपाच्या पद्धतीस डीएचसीपी म्हणतात. ती १९९३ पासूनची. आईचा टॅब्लेट जुन्या खोलीचे दार ठोठावीत होता, आणि तेथे आता सूनबाईंचा फोन उतरला होता!

हे घरगुती क्रमांक बहुधा १९२.१६८ ने आरंभ होतात, आणि लाखो घरांत तेच असतात. जगातील सारे जुने पत्ते मिळून सुमारे ४ अब्ज २९ कोटी. ते पुरणार नाहीत हे दिसू लागले, तेव्हा काही क्रमांक घरापुरते राखून ठेवण्यात आले. आज चालू असलेला तो नियम १९९६ चा. 'ताई' आणि 'बापू' जसे प्रत्येक घरात असतात आणि उंबऱ्याबाहेर त्यांवरून कोणाचा शोध लागत नाही, तसेच हे.

क्रमांक बदलतात, म्हणून नाव हवे. आरंभी साऱ्या संगणकांच्या नावांची एकच यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइन्लर यांचे कार्यालय सांभाळीत असे. यादी आवरेना, तेव्हा १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी कामाची वाटणी करणारी योजना आखली: ज्याने त्याने आपापल्या घरची नावे सांभाळावी, आणि ठाऊक नसेल ते वर विचारावे. हीच डीएनएस.

ही दोन्ही कामे करणारी डीएनएसमास्क नावाची आज्ञावली त्या यंत्रावर चढवून आम्ही मोठ्या उत्साहाने सुरू केली, आणि घोटाळा वाढविला. राउटरचे वाटप बंद करावयाचे राहून गेले. एका घरात दोन कारभारी! जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता उपकरणे घेत. ज्यांना राउटरने पत्ता दिला, त्यांस आमच्या नावांच्या वहीची वार्ताच नसे.

ते सुधारले, तर सावधगिरी म्हणून दुसरा नामसेवक बाहेरचा लिहून ठेवला होता, तो आडवा आला. पहिला गप्प बसला तरच दुसऱ्यास विचारतील, ही आमची समजूत. पण उपकरणे कोणासही विचारतात. बाहेरचा प्रामाणिकपणे सांगे, "असे नाव नाही." आमच्या घरातील नाव त्यास कसे ठाऊक असणार?

अखेर मार्ग सापडला. राउटरचे वाटप बंद केले. यंत्राने स्वतःसाठी २ हा क्रमांक कायमचा धरला. पाहुण्यांसाठी १०० ते १९९ ठेवले. टॅब्लेट आणि प्रिंटर यांच्या अंगावर कोरलेली बारा अक्षरी ओळख नोंदवून त्यांच्या जागा निश्चित केल्या. नामसेवक एकच, घरचा. सारे घर आता त्या डब्यावर अवलंबून, म्हणून त्यास इन्व्हर्टरवर घेतले.

राहिले नाव. देवनागरीत नावे चालतात, २०१४ पासून '.भारत' ही आहे. पण आतून त्यांचे रूपांतर रोमन अक्षरांतच होते, म्हणून आम्ही घरापुरते रोमनच ठरविले. मागे जोडण्यास 'होम.आर्पा' हे घरगुती जाळ्यांसाठी २०१८ साली राखलेले उपपद घेतले. पुढे काय ठेवावे? आम्ही नानांचे नाव सुचविताच आई संकोचली. उखाण्यावाचून तिने ते कधी उच्चारले नाही. थोडा वेळ थांबून म्हणाली, "ओटा म्हण. तिथंच बसायचे ते."

त्या संध्याकाळी ओट्यावरून नाना बोलू लागले.

दोष मात्र विजेचा नव्हता, पुतण्याचाही नव्हता. सारा हिशेब त्याच्या डोक्यात होता, आणि आम्ही तो कधी लिहून मागितला नाही. आता दूधवाल्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर सारी नावे, क्रमांक आणि डबा बंद पडल्यास राउटरचे वाटप पुन्हा कसे सुरू करावे, हे लिहिले आहे. सूनबाईंकडून एकदा करवूनही घेतले. पणजोबा कोणत्या गावाहून निघाले, हे असेच कोणाच्या तरी डोक्यात होते. आज घरात ते कोणी सांगू शकत नाही. नानांच्या कॅसेटमध्येही ते नाही. वाचकांच्या घरीही असा एखादा जाणता असेल. तो घरात आहे तोवर एक पान लिहून घ्यावे.