वाचलं की लिहिलंच!

कुर्डुवाडीच्या पोराला 'गेज' हा शब्द शाळेत जायच्या आधी कळतो. एकीकडे मुंबई-सोलापूरची मोठी लाइन, दुसरीकडे १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट, अवघी अडीच फुटी. लातूरकडचा माल छोट्या डब्यातून काढून मोठ्यात भरायचा. पोतं तेच, धान्य तेच, हमाली मात्र दोनदा. २००८ पर्यंत लातूरची लाइन रुंद झाली आणि ही कटकट संपली.

लिनक्समध्येही अशी एक फुकटची हमाली आहे : एटाइम. फाइल शेवटची कधी वाचली, त्याची नोंद. म्हणजे तुम्ही नुसतं वाचलंत तरी डिस्कवर लिहिणं आलंच!

पूर्वी एका गिऱ्हाइकाचा सर्व्हर दिवसभर रडायचा. काम काय, तर लाखो छोटे फोटो दाखवायचे. सगळं वाचनच. तरी आयओस्टॅटमध्ये 'राइट'चा आकडा खाली येईना. नोंदी आधी मेमरीत साठतात हे खरं, पण कधीतरी त्या डिस्कवर जातातच, आणि इनोड पसरलेले इकडेतिकडे. ७२०० आरपीएमच्या डिस्कला एका फेऱ्यालाच ८ मिलिसेकंद लागतात. साहेबांनी नव्या डिस्कचं कोटेशनसुद्धा मागवलं होतं. आम्ही एफएसटॅबमध्ये 'नोएटाइम' एवढा एक शब्द घातला, रीमाउंट केलं, रीबूटसुद्धा नाही. राइट खाली आले आणि कोटेशन फायलीत गेलं. :)

मग एटाइम ठेवलाच कशाला? तर काही जुने मेल प्रोग्राम त्यावरून नवी टपाल ओळखतात, टेम्प झाडणारी स्क्रिप्टही त्यावरच चालते. म्हणून मधला मार्ग निघाला, 'रेलएटाइम'. फाइल बदलल्यानंतरचं पहिलं वाचन असेल, किंवा आधीची नोंद २४ तासांपेक्षा जुनी असेल, तरच लिही. २००९ च्या २.६.३० कर्नलपासून हाच डिफॉल्ट आहे.

म्हणजे आता प्रश्न मिटला? बराचसा. पण रोज रात्री सगळ्या फाइली वाचणारा फुल बॅकअप असेल तर बघा, २४ तास उलटले की प्रत्येक फाइलमागे पुन्हा एक नोंद! एसएसडीवर हेड फिरत नाही, पण लिहिण्याची झीज आहेच.

तेव्हा मंडळी, नवी डिस्क मागवण्याआधी आधी कोण लिहितंय ते शोधा. आणि नोएटाइम लावण्याआधी ती नोंद कोणी वाचतंय का, तेही.