अर्क आधी की नंतर?

एम.फार्म.ची प्रोजेक्ट्स सुरू झाली की आमच्या ॲनिमल हाऊसमध्ये पॅरासिटामॉल किलोच्या हिशेबाने लागतं. कुणाची भुईआवळी, कुणाची गुळवेल, कुणाची पुनर्नवा. शीर्षक मात्र थोड्याफार फरकाने एकच: पॅरासिटामॉलने बिघडलेल्या यकृतावर अमुक अर्काचा परिणाम. निकालही ठरलेला. अर्क गुणकारी! इतकी वर्षं हे काम करून आणि करवून घेऊन मी आता पहिल्यांदा एवढंच बघतो, की अर्क कधी दिला होता.

बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘सर, आधी सात दिवस.’ आठव्या दिवशी विष. घोळ इथेच आहे.

पॅरासिटामॉलचा मोठा भाग यकृत सल्फेट नाहीतर ग्लुकुरॉनाइड जोडून मार्गी लावतं. उरलेल्या थोड्या भागापासून सायटोक्रोम पी-४५० कुळातली विकरं, मुख्यतः २ई१, एनएपीक्यूआय नावाचं जहाल रसायन तयार करतात. ग्लुटाथायोन त्याला पकडून निकामी करतं. डोस अफाट झाला की ग्लुटाथायोनचा साठा आटतो, ते रसायन पेशीतल्या प्रथिनांना चिकटतं, मायटोकॉन्ड्रिया बिघडतात आणि ऑक्सिडेटिव्ह ताण सुरू होतो. म्हणजे ताण ही पुढची पायरी. आधी दिलेल्या अर्काने २ई१लाच थोपवलं, तर मुळात विष बनणारच नाही. यकृताची इजा दाखवणारं एसजीपीटी रक्तात चढणार नाही, ग्लुटाथायोन टिकेल, सगळे आकडे मनासारखे येतील आणि थिसिसमध्ये अर्काला अँटिऑक्सिडंट म्हणून पदवी मिळेल. शेगडी पेटवलीच नाही आणि भात करपला नाही म्हणून हाताच्या चवीचं कौतुक करावं, तसं हे.

त्यात अर्क पाण्यात विरघळत नाही म्हणून कुणी डीएमएसओ वापरतं. हे द्रावक स्वतःच पॅरासिटामॉलचं विषात होणारं रूपांतर रोखतं. त्यामुळे नुसतं द्रावक अधिक विष असा गट नसेल, तर यश वनस्पतीचं की बाटलीचं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मी मुलांना साध्या कार्बॉक्सी मिथाइल सेल्युलोजमध्ये अर्क घोटायला लावतो. चिकट, कंटाळवाणं काम आहे, पण निर्धोक.

हातात कसब लागतं ते डोस देताना. मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून प्राणी उभा धरायचा, टोकाला गोळी असलेली सुई टाळूला लगटून मागे न्यायची. त्याने गिळलं की ती आपसूक उतरते. जोर लावावासा वाटला, की समजायचं वाट चुकली. सुई काढून घ्यायची. ती श्वासनलिकेत शिरली तर प्राणी हकनाक जातो. उपाशी ठेवण्याचंही तसंच. उपाशी प्राण्याचं ग्लुटाथायोन आधीच उतरलेलं असतं, म्हणून सगळे गट सारखेच उपाशी हवेत. ‘मामा, रात्री खाणं काढलंत ना?’ असं विचारलं की आमचे मामा म्हणतात, ‘काढलं की सर. आता ह्यांनी भुसा चघळला तर माझा काय इलाज!’ बरोबरच आहे त्यांचं.

मग गुलाबी रंगाची चाचणी. यकृताच्या होमोजिनेटमध्ये थिओबार्बिट्युरिक आम्ल घालून उकळत्या पाण्यात ठेवायचं आणि ५३२ नॅनोमीटरवर रंग मोजायचा. जितका गडद, तितकी मेदाची नासाडी जास्त, असं मुलं पाठ करून येतात. पण यकृतात रक्त राहिलं तर त्यातलं लोह तिथल्या तिथे नासाडी वाढवतं, आणि बफरमध्ये साखर असेल तर तिचाही रंग मध्ये येतो. म्हणून थंडगार सलाइनने यकृत फिकट पडेपर्यंत धुवायचं. या एका रंगावर निष्कर्ष बेतणाऱ्याला मी स्लाइड दाखवायला लावतो. २ई१ जास्त असतं मध्यवर्ती शिरेभोवती, त्यामुळे पेशी आधी तिथेच मरतात. तो भाग डोळ्यांनी बघावा.

प्राण्याची निवड हा आणखी एक दुखरा मुद्दा. विस्टार रॅट हे विष बरंच पचवतो. किलोमागे २ ग्रॅम देऊनही कधी कधी यकृत धड राहतं. माऊस किलोमागे ३०० मिलिग्रॅमला कोलमडतो. तरी आपल्याकडे रॅटच चालतो, कारण मोठा असतो, रक्त भरपूर मिळतं आणि आधीच्या थिसिसमध्येही रॅटच होता.

भुईआवळीवर माझा राग नाही. कावीळ झाली की कोकणात आजही ती पहिली आठवते, आणि तिची नीट परीक्षा व्हावी असंच मला वाटतं. पण गोळ्या जास्त खाल्लेला रुग्ण दवाखान्यात येतो तो खाऊन झाल्यावर. त्याला एन-ॲसिटाइलसिस्टीन देतात. ते ग्लुटाथायोनसाठी कच्चा माल पुरवतं आणि पहिल्या ८ तासांत दिलं तर उत्तम काम करतं. अर्काची तुलना करायची तर त्याच्याशी करा, तुलनेसाठी नेहमी घेतात त्या, सात दिवस आधी पाजलेल्या सिलिमरिनशी नको.

मार्गदर्शकांना माझी विनंती एवढीच. पुढच्या प्रोजेक्टमध्ये एक गट वाढवा. माऊसमध्ये विष बनण्याचं काम पहिल्या दीड-दोन तासांत बहुतेक उरकतं. त्यानंतर अर्क द्या. जास्तीचे प्राणी कशाला, असं एथिक्स कमिटी विचारेल; तिला कारण लेखी द्या. आणि त्या गटात काहीच फरक दिसला नाही, तर तेही थिसिसमध्ये छापा.