पंढरीची वाट कोणती धरावी?

प्रथमच पायीं पंढरपुरास जावयाचें ठरलें, म्हणजे घरांत चर्चा सुरू होते ती सामानाची. आमच्या मतें पहिला प्रश्न वाटेचा असावा. नवख्याचा नेम शेवटास जातो कीं अर्ध्यावर मोडतो, हें पुष्कळ अंशीं वाटेवर अवलंबून असतें.

नांदेडकर गृहस्थांस प्रथम सुचते आळंदी. ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीबरोबर सुमारें २५० किलोमीटर चालावें लागतें. दिंडींत जेवणाची व राहण्याची सोय होते, शिस्तही उत्तम. परंतु समुदाय लाखोंचा. आणि पुणें-सासवड हा दिवे घाटाचा लांब टप्पा पाय रुळण्यापूर्वींच पुढें उभा राहतो.

दुसरी वाट आपल्या दारांतूनच निघते. लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर, औसा, तुळजापूर व पुढें सोलापूर अशी ती सरळ जाते. पण नागपूर-तुळजापूर राष्ट्रीय महामार्ग तो हाच. मालमोटारींची वर्दळ आणि तापलेलें डांबर यांमुळें एकट्यादुकट्या नवख्यानें ती धरूं नये.

तिसरी वाट गंगाखेडची. गोदावरीकांठच्या ह्या जनाबाईंच्या गांवाहून परळी, अंबाजोगाई, कळंब, धाराशिव, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढें असें जातां येतें. शेगांवच्या गजाननमहाराजांची पालखी आषाढीस परभणीवरून येऊन हाच मार्ग धरते. त्यामुळें वाटेवरील गांवांस वारकऱ्यांची संवय आहे. परळीस वैजनाथ आहे. अंबाजोगाईस आपल्यांतील कित्येक घरांची कुलदेवता योगेश्वरी, आणि मुकुंदराज व दासोपंत यांच्या समाध्या आहेत. गंगाखेड-परळी व परळी-अंबाजोगाई हीं अंतरें प्रत्येकीं २५ ते ३० किलोमीटर. दुसऱ्या टप्प्यांत बालाघाटाची चढण आहे, म्हणून नवख्यानें प्रत्येकीं दोन दिवस तरी द्यावे.

ऋतूचाही विचार हवा. ज्येष्ठांत पाऊस झाला, कीं आपल्याकडील काळी माती पायांस गोळ्यागोळ्यांनीं चिकटते. कार्तिकींत वाट कोरडी व हवा थंड असते. मात्र तेव्हां शेगांवच्या पालखीची सोबत नसते, यास्तव मुक्काम आधींच ठरवून घ्यावे.

गेल्या वर्षीं आमच्या त्रेसष्ट वर्षांच्या आत्याबाईंनीं पायीं जाण्याचा हट्ट धरला. तीन पिढ्यांचीं बाळंतपणें व आजारपणें काढतांना त्यांची पाळी कधीं आलीच नव्हती. पुरुषमंडळींचें मत आळंदीकडे झुकलें. घराण्यास तें शोभलें असतें! आत्याबाई म्हणाल्या, "मला पोंचायचं आहे रे, मिरवायचं नाहीं." शेवटीं कार्तिकींत धाकट्या बंधूंना सोबत घेऊन त्या गंगाखेडहून अंबाजोगाईपर्यंत पांच दिवसांत चालत गेल्या. तेथें गुडघा सुजला. मग मोटारीनें लातूर, आणि तेथून कुर्डुवाडीमार्गें आगगाडीनें पंढरपूर. ही जुनी बार्शी लाइट. १९११ साली ती लातुरास पोंचली, आतां तिचे रूळ रुंद झाले आहेत.

वारी अपुरी राहिली, असें कांहीं आप्त म्हणाले. आम्हांस तसें वाटत नाहीं. पुढील कार्तिकीस आत्याबाई अंबाजोगाईपासून निघणार आहेत.

तेव्हां वाट निवडण्यापूर्वीं घरांतील जो चालणार, त्यास आठ दिवस रोज १० किलोमीटर चालावयास सांगावें. आठव्या दिवशींचे त्याचे गुडघे पाहावे, आणि मग नकाशा उघडावा. घरच्या बायकांनीं जाण्याची इच्छा दर्शविली असेल, तर ती "पुढल्या वर्षीं पाहूं" म्हणून टोलवूं नये.